काखेतला रुमाल

मला रुमाल मिळाला नाही म्हणून लहानपणी एकदा मी रुसून जेवले नव्हते.

तेव्हा आम्ही दीपनगरला क्वार्टरमध्ये राहायचो. नाना, म्हणजे माझे वडील, पॉवर स्टेशनात पाळीनं कामाला होते. मूळ गाव एरंडोलकडचं, त्यामुळे कामावर साहेबांशी शुद्ध मराठी आणि घरात पाऊल टाकलं की अहिराणी. ढोलकी ते स्वतःच्या स्वतः शिकलेले. तबला मात्र त्यांना कुणी शिकवला नव्हता आणि त्याची हळहळ त्यांच्या पोटात होती. म्हणून माझ्या मोठ्या भावाला, ज्याला आम्ही सगळे भाऊच म्हणतो, त्यांनी स्वतःच शिकवायला घेतलं. सकाळी पाळीहून आले की आंघोळ, चहा आणि मग ते एक पांढरा रुमाल चौघडी करून भाऊच्या उजव्या काखेत ठेवायचे. "कोपर हालाले नको," म्हणायचे. रुमाल पडला की पुन्हा पहिल्यापासून.

हे त्यांनी कुठून आणलं, तर त्यांनी तरुणपणी जळगावात एका मोठ्या तबलावादकाला वाजवताना पाहिलं होतं. त्याचे हात विजेसारखे चालले होते आणि कोपर जागचं हललं नव्हतं. नानांनी तेवढं नीट पाहिलं आणि डोक्यात घट्ट बसवून घरी आणलं. आता, न हलणारं कोपर दिसतं हो. सैल सोडलेला खांदा लांबून दिसतो थोडाच! त्या माणसाचं कोपर आपोआप शांत होतं, माझ्या भावाचं रुमालानं दाबून ठेवलेलं होतं. पण हे कळायला माझे केस पांढरे व्हावे लागले.

मला पेटी दिली होती. माझ्या काखेत काहीच नाही. "पोरगी शे, वाजू दे तिले तिच्या मनानं," एवढंच माझं शिक्षण. मी पाय पसरून, भिंतीला टेकून, कधी लोळत वाजवायचे. भाऊचा रुमाल आईच्या हातचा, कडेला निळी शिवण घातलेला. मला तो हवा होता. आई म्हणाली, "अगं, तो काय लाडाचा आहे का?" मला तर लाडाचाच वाटायचा. नाना स्वतः तो ठेवायचे, ठेवताना त्याच्या खांद्यावर हात फिरवायचे. माझ्या खांद्यावर कुठे फिरवला कधी?

भाऊ फार चांगला वाजवायला लागला. जयंतीच्या दिवसांत आमची गाण्याची पार्टी भुसावळपासून पार धुळ्यापर्यंत जायची. मी पेटीवर, गायला मीच, तबल्यावर भाऊ. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं त्याचं कोपर बघायची आणि एकमेकांना कोपरानंच ढोसायची. नाना स्टेजच्या बाजूला खुर्चीत, हात बांधून. रुमाल आता काखेत नसायचा, नानांच्या खिशात असायचा. त्याची गरजच नव्हती उरली. भाऊचं कोपर रुमालाशिवायही तसंच चिकटून बसायचं, अन् नानांना त्याचा केवढा अभिमान.

माझं लग्न धुळ्याला झालं, तिथं मी शाळेत संगीत शिकवायला लागले. भाऊनं जळगावात मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं. पंख्याच्या, पंपाच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि केसासारखी बारीक तांब्याची तार पुन्हा गुंडाळायची. नाना निवृत्त होऊन त्याच्याकडेच राहायला आले. आई तेव्हा गेलेली होती.

हात मिटायला लागला तो एका जयंतीलाच. विहारासमोरचा मांडव, संध्याकाळची वेळ, गाणं रंगात आलेलं. मधेच तबल्याचा आवाज दगडावर पडावा तसा आला. मी वळून पाहिलं तर भाऊच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्यात वळून बसली होती. तो त्या हाताकडे बघत होता, जणू हात शेजाऱ्याचा. डाव्या हातानं त्यानं ती बोटं उलगडली, पुन्हा तबल्यावर ठेवली, ती पुन्हा मिटली. मी गाणं आवरतं घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणाला काही कळलं नाही.

त्यानं काय केलं? आमच्या घरात जे करतात तेच. रियाज वाढवला. हात अशक्त झालाय म्हणून मनगटाला वाळूची पुरचुंडी बांधून वाजवलं. नानांनी खिशातला रुमाल काढला आणि एवढ्या मोठ्या बाप्याच्या काखेत पुन्हा ठेवला. जितका तो जोर लावायचा तितकी बोटं घट्ट मिटायची.

डॉक्टरांनी नसा तपासल्या, फोटो काढले. सगळं चांगलं. आणि खरंच सगळं चांगलं होतं. तो त्याच हातानं चहाचा कप धरायचा, मोटारसायकल चालवायचा, ती बारीक तार न तोडता गुंडाळायचा. तबला समोर आला की फक्त मिटायचा. मग लोक काय म्हणणार? नाटकं करतो. पार्टीतल्यांनी तबल्याच्या जागी ऑक्टोपॅड आणला आणि त्याला सांगितलंही नाही. मेल्यांच्या जिभा झडल्या होत्या का? नानाही म्हणाले, "आळस शे, दुसरं काही नही." तो त्यांच्यासमोर मान खाली घालून ऐकून घ्यायचा. त्याचं ते ऐकून घेणं मला कधीच सहन झालं नाही.

धुळ्यात एका शाळेच्या हॉलमध्ये वाद्य वाजवणाऱ्यांसाठी शिबिर होतं. शरीर कसं वापरायचं, बसताना, वाजवताना अंग कुठं आखडतं, असलं काहीतरी. मी गेले ती शाळेनं पाठवलं म्हणून. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या. त्यांनी आम्हाला सतरंजीवर उताणं झोपवलं आणि विचारलं, जमीन तुम्हाला धरून आहे, मग तुम्ही स्वतःला का धरून ठेवलंय? आधी मला हसूच आलं. मग लक्षात आलं, माझा जबडा आवळलेला होता, श्वास अर्ध्यात अडकलेला होता, आणि मी तर लोळत शिकलेली बाई! मग भाऊचं काय असेल? मला तिथंच रडू फुटलं. बाजूचा बासरीवाला घाबरला बिचारा.

पुढच्या खेपेला बाई आल्या तेव्हा मी भाऊला जळगावहून बोलावून घेतलं. तो तबला घेऊन एसटीनं आला. बाईंनी तबल्याला हातच लावला नाही. त्याच्या उजव्या कोपराखाली आपला तळवा धरला आणि म्हणाल्या, "हात माझ्याकडे द्या. सगळं वजन."

"दिलं," भाऊ म्हणाला.

बाईंनी आपला तळवा हळूच काढून घेतला. भाऊचा हात हवेत होता तिथंच राहिला.

"अजून तुमच्याकडेच आहे," त्या म्हणाल्या. मग त्याच्या काखेपाशी दोन बोटं टेकवून त्यांनी साधेपणानं विचारलं, "इथं काय धरलंय तुम्ही?"

भाऊनं माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. शेवटी मीच सगळं सांगितलं, निळ्या शिवणीसकट.

बाई खोटा धीर देणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, असं वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं अंग एक दिवस असं काही करू शकतं, पण नेमकं कशानं झालं ते कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. जोर लावायचा नाही. तबला काही दिवस बाजूला. आधी खांद्याला खाली यायला शिकवा, हाताला वजन द्यायला शिकवा. बोटं परत येतील की नाही, ते त्या सांगू शकत नव्हत्या.

धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागायची होती. तबला मांडीवर घेऊन भाऊ बाकावर बसला होता.

"नानांना यातलं काही कळायला नको," तो म्हणाला.

"का नको? मी सांगणार. आळस म्हणतात तुला. ऐकू दे एकदा कुणाचा आळस होता तो."

"अगं, पाळी करून यायचे. डोळे लाल असायचे. तरी बसायचे माझ्यासमोर." तो तबल्याच्या पिशवीची नाडी उगाच सोडत-बांधत होता. "त्यांना जेवढं येत होतं तेवढं बठ्ठं त्यांनी मला दिलं. आता तेच चुकलं म्हणून सांगू?"

मी चिडलेलीच होते. पण सांगितलं नाही.

मग नानांना दम लागायला लागला, आणि बघता बघता ते पलंगाला खिळले. मी सुट्टी काढून जळगावला जाऊन राहिले. भाऊ रोज सकाळी जमिनीवर पडून खांदे सैल सोडायचा, नानांना सांगायचा पाठ दुखते म्हणून. तबल्याला शिवायचा नाही. आणि नानांना एकच ध्यास लागला. "एकदा वाजाड ना रे." पहिल्यांदा भाऊ म्हणाला, तबल्याची शाई उडाली आहे, दुरुस्तीला टाकलाय. मग म्हणाला, चामड्याची वादी तुटली. मग दुकानात काम फार आहे. नानांनी आयुष्यभर वाद्यं हाताळलेली, त्यांना या थापा कळत नव्हत्या असं थोडंच आहे.

एका दुपारी भाऊ दुकानात असताना मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी चमचा बाजूला सारला.

"त्याले मन्हावर राग शे का?" त्यांनी मला विचारलं. "मी त्याले आळशी म्हननू, म्हनीसन?"

काय सांगू मी? राग नाही म्हणावं, तर मग वाजवत का नाही? खरं सांगावं, तर मरणाच्या दारातल्या माणसाला सांगायचं की तुमच्या रुमालानं पोराचा हात गेला. मी म्हटलं, "नाही हो नाना, राग कसला." ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माझ्या हातातली पेज तशीच गार झाली. इतकं एकटं पडलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं, आणि दोघेही तसेच होते, एकाच घरात.

संध्याकाळी भाऊ आला तर मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडत होते. त्याला सगळं सांगितलं. त्यानं तबला खाली काढला, सुरात लावला, नानांच्या खोलीच्या दारापर्यंत नेला. हात ठेवला आणि बोटं मिटली. त्यानं तबला पुन्हा वर ठेवून दिला. नानांनी त्याचा सूर लावलेला ऐकला होता. वाट बघत पडले असतील बिचारे.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांना खोकल्याची जोरात उबळ आली. भाऊ घरीच होता. तो धावत जाऊन पलंगावर त्यांच्या मागे बसला, त्यांना उठवून बसवलं आणि पाठीवर थापटायला लागला. मी गरम पाणी घेऊन दाराशी आले. उबळ ओसरली तरी त्याचा हात थांबला नव्हता. थापटता थापटता हातात ठेका आला होता, आमच्या जयंतीच्या गाण्यांचा साधा केरवा. सगळी बोटं उघडी होती. शेवटची दोन, तीसुद्धा, नानांच्या बनियनवर हलकी पडत होती. खांदा खाली होता. कोपर अंगापासून चांगलं लांब, वाऱ्यावरच्या फांदीसारखं हलत होतं. मी पाणी तसंच धरून उभी राहिले. हललं तर मोडेल असं वाटलं.

नानांचे डोळे मिटलेले होते. मान पुढे झुकलेली. बराच वेळ ते नुसते ऐकत होते, आपल्या पाठीनं.

"रुमाल पडना तुन्हा," ते म्हणाले.

भाऊचा हात क्षणभर अडखळला. "हो नाना. पडला."

"पडू दे," नाना म्हणाले. "छान वाजस."

त्यांना काय कळलं होतं, किती कळलं होतं, मला ठाऊक नाही. मी तेव्हाही विचारलं नाही. त्यानंतर रोज दुपारी भाऊ दुकान बंद करून यायचा, त्यांच्या मागे बसायचा आणि वाजवायचा. तबल्यावर हात अजून मिटायचाच, त्यानं करून पाहिलं होतं. पण त्या पाठीवर उघडायचा. पाठ दिवसेंदिवस हाडांची होत गेली, तसा तो हलकं वाजवत गेला. नाना गेले तेही असेच बसल्या बसल्या, एका कुशीनं त्याच्या छातीला टेकून. ठेका चालू होता.

पुण्यानुमोदनाला आलेली माणसं गेली आणि घर रिकामं झालं. भाऊनं तबला खाली काढला. मी पेटीशी बसले. त्यानं हात ठेवला, दोन बोटं आत वळली. त्यानं उशीवर ठेवून पाहिला, मग नानांच्या पलंगाच्या गादीवर, मग स्वतःच्या मांडीवर. मला बघवेना. मी उठले आणि त्याच्यासमोर पाठ करून बसले.

"माझ्या पाठीवर वाजव," मी म्हटलं.

त्याचा हात माझ्या पाठीवर आला. उघडा होता आला तेव्हा. एक थाप पडली, दुसरी पडली, मग ती दोन बोटं हळूहळू वळताना मला पदराखालून कळली. त्यानं हात तिथंच राहू दिला.

"नाही गं," तो म्हणाला. "ही तुझी आहे."

मी तशीच पाठ करून बसून राहिले. मिटलेल्या मुठीसकट त्याचा हात वर सरकला आणि माझ्या खांद्यावर फिरत राहिला, नाना त्याच्या खांद्यावर फिरवायचे तसा.