लाल ठिपका
पेट्रोलचा वास आला की मला ते चार सीटचं विमान आठवतं. सेंदाई शहराजवळच्या डोंगरात एक आजोबा आदल्या दिवसापासून हरवले होते आणि आमच्या स्वयंसेवक शोधपथकात खिडकीतून खाली नजर ठेवायचं काम माझ्याकडे होतं. भातखाचरांच्या कडेला लाल काहीतरी दिसलं, पण ताडपत्री निघाली तर हसं होईल म्हणून मी गप्प बसले. तीनेक मिनिटांनी राहवेना, तेव्हा सांगितलं. "आत्ता दिसलं?" विमान वळवत वैमानिकांनी विचारलं. मी हो म्हटलं. लाल स्वेटरमधले आजोबाच होते ते. सुखरूप सापडले, माझं कौतुक झालं. संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो तेव्हा आजोबा म्हणाले, "पहिल्यांदा तुम्ही निघून गेलात ना, तेव्हा मी हात हलवायचं सोडून दिलं होतं." वैमानिकांनी माझ्याकडे पाहिलं, विचारलं काहीच नाही. अजूनही विचारत नाहीत.