माणिकमामांनी धक्का मारू दिला नाही

माणिकमामा आज पहाटे गेले आणि मी त्यांच्या मातीला नाही.

मी हिंगोलीला आहे. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसलेय. आत माझे वडील, आप्पा, मशीनला लावलेत. आठवड्यातले दोन वार ठरलेले, चुकवून चालत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माणिकमामा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात स्टँडजवळचे गाड्यांच्या वायरिंगचे मिस्त्री. नात्याने माझे कुणी नाहीत, अख्खं गावच त्यांना मामा म्हणायचं.
तोंडाने फटकळ. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की मुद्दाम चहा मागवायचे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जीपला रोग लागला. कधी चालू व्हायची, कधी नाही.
चावी फिरवली की नुसतं 'टक्'. पुढे काही नाही.
चार जणांनी धक्का मारला की लगेच चालू. मामांच्या दुकानात नेली की दहापैकी दहा वेळा चालू, एकदम शहाण्यासारखी.

बॅटरी नवी टाकली. सेल्फ खोलून पुन्हा बांधला. चावीचा स्विच बदलला.
रोग होता तिथंच.

त्यात आमची गल्ली भारी प्रेमळ. 'टक्' ऐकू आलं की लोक हातातलं काम टाकून धक्का मारायला हजर.
मामा वैतागायचे. "बिमार माणूस माझ्याकडं आणायचा, तर तुमी त्याला घरीच उठवून बसवता. मंग मला बिमारी दिसावी कशी? पुढच्या टायमाला कोणी हात लावायचा न्हाई. फोन कर, मी येतो."

मी ऐकलं नाही. धक्का फुकट मिळतो ना!

मग एकदा डायलिसिसला जाताना आप्पांना उलटी आली म्हणून सेनगावच्या अलीकडे गाडी थांबवली. ती पुन्हा उठलीच नाही. मागे ढकलायला चिटपाखरू नाही.
धक्का मारायला माणसं भेटेपर्यंत दोन तास गेले. आप्पांचा नंबर हुकला.

दुसऱ्या दिवसाचा नंबर कसाबसा मिळाला. तोवर पाय टम्म सुजले. आडवं होता येईना, दम लागायला लागला. डॉक्टर फोनवर म्हणाले, आता अजिबात उशीर करू नका.

सकाळी आप्पांना पुढच्या सीटवर बसवलं. चावी फिरवली.

टक्.

भाऊ दुसरी गाडी बघायला पळाला. मी मामांना फोन लावला. गल्ली गोळा झालीच होती, चौघं मागे हात लावून उभे.

मामा मोटरसायकलवरून आले ते ओरडतच. "हात काढा! कोणी धक्का मारायचा न्हाई."

"मामा, बघा त्यांच्याकडं. श्वास पुरत नाही त्यांना!"

"बघून राहिलो ना पोरी. धक्का मारून जाशील आन् कालच्यावानी रानात बसशील. पाच मिन्टं दे. न्हाई जमलं तर मी सोता धक्का मारतो."

मी चारचौघांत नको ते बोलले. "माझा बाप मेला तर तुम्ही भरून देणार आहात का?"

मामांनी वर बघितलंसुद्धा नाही. एक जाड वायर काढली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनवर दाबून धरलं.
"मार सेल्फ."
गाडी चालू!
चौघांनी टाळ्या वाजवल्या. मी गिअर टाकणार, तर मामांनी वायर काढून घेतली. "आता बंद कर."

मी बंद करेना. आप्पांचे ओठ काळसर पडलेले, आणि हा माणूस चालू झालेली गाडी बंद करायला सांगतोय.

"बंद कर म्हणतो ना! काहून भिऊन राहिली? मला खात्री करू दे."

केली. पुन्हा चावी फिरवली. टक्.
वायर परत लावली. "मार."
चालू.

"अर्थिंगची बिमारी हाय," मामा म्हणाले. तीच वायर दोन्हीकडे आवळून बांधली. "जा आता. रस्त्यात कुठं बी थांबव, उठंल."

पोहोचलो. वेळेत पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "आधी हे बघ."
पुढच्या हुकाशेजारी चेसीला अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीची मायनस वायर जोडायचा बोल्ट होता. त्यावर हिरवट पांढरं काहीतरी चढलेलं आणि त्यात कुंकू.

आप्पा दर अमावास्येला गाडीची पूजा करून त्याच हुकावर नारळ फोडतात. गाडी घेतल्यापासून एक अमावास्या चुकवली नाही. सगळं पाणी त्या बोल्टवर. धक्क्याला सेल्फ लागतच नाही, आणि गाडी हलली की बोल्ट तेवढ्यापुरता टेकायचा, म्हणून दुकानात रोग दिसायचा नाही.

"म्हणजे आप्पांच्याच नारळानं..."

"हळू बोल. त्याला सांगू नको. आधीच मशीनवर हाय माणूस. आपल्याच हातानं आपली गाडी बंद पडली हे कळलं तर मनाला लावून घेईल. बोल्ट मी वर घेतलाय. फोडू दे त्याला."

आणि आप्पांना जाऊन सांगितलं, "उंदरानं वायर खाल्ली होती, आप्पा."
आप्पांनी पुढे दोन महिने जीपखाली पिंजरा लावला. एक उंदीर सापडला नाही. मामा रोज विचारायचे, "गावला का?"

आज आप्पांना गाडीत बसवत असताना फोन आला.
आप्पा म्हणाले, "आधी माणिककडं चल." मी म्हणाले, नंबर हुकेल. ते रडायला लागले. मी त्यांना असं रडताना कधी बघितलं नव्हतं.

मी चावी हातात धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं, आज ही चालू होऊ नये.

पहिल्याच सेल्फला उठली.

एवढं पक्कं काम करायला नको होतं, मामा.

खांदा द्यायला भाऊ आलाय तुमच्याकडे. माझा आणि आप्पांचा नमस्कार इथूनच घ्या.