आलो बरं, लिहून घे!

सकाळी स्टेशनरोडला कापसाचं पोतं टेकवलं की चाचा खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बघून हात वर करायचे. "आलो बरं बाबू, लिहून घे!" मग गादी शिवायला बसायचे, ते दुपारची अजान होईपर्यंत उठायचे नाहीत.

शेगावला उतरून चालत गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. किंवा नसेलही. कापसाच्या ढिगात वाकून बसलेला माणूस ढिगाचाच भाग वाटतो. दाढीलासुद्धा कापूस!

कॅमेरा आमच्या कॉलेजचा. वाहनं मोज, माणसं ओळख, बेवारस सामान दिसलं की नगरपरिषदेच्या कार्यालयाला कळव, हे त्याला शिकवणारा विद्वान मी. अर्धा तास हललं नाही ते बेवारस, हा नियमही माझाच. अर्धाच तास का? मला स्वतःला चहाशिवाय त्याहून जास्त एका जागी बसवत नाही, म्हणून!

"चाचा, हे मशीन माणूस ओळखतं," मी फुशारकी मारली होती.

"मंग तं तुयापेक्षा हुशार हाय. तू दोनदा माह्या गादीवर पाय देऊन गेला."

अहवाल रोज जायचे. वाचत कोणीच नव्हतं, मीही नाही. एका सोमवारी मात्र कोणीतरी वाचला आणि नगरपरिषदेचं सामान उचलणारं पथक आलं. चाचा टाका घालत असतानाच गाद्या ट्रॉलीत पडू लागल्या.

"काऊन बे, मी मेलो काय? मालक इथंच बसेल हाय!"

"चाचा, कॉम्प्युटरनं बेवारस लिहून देलं. आमी काय करावं?"

जिवंत माणूस समोर ओरडतोय आणि हे कागद दाखवतात! मी चहा टाकून धावलो. "अहो, तो नियम माझा आहे, आणि चुकलाय!"

"मंग अर्ज द्या."

तीन अर्ज दिले. उत्तर आलं : नोंदीनुसार सदर जागी कोणीही व्यक्ती आढळली नाही. माझ्याच यंत्राची साक्ष माझ्याच तोंडावर! अजून आठवलं की अंगाची आग होते.

चाचा त्यानंतर भांडले नाहीत. पिंपळगाव राजाला लेकीकडे निघताना एवढंच विचारलं, "मी तं रोज हात दाखोत होतो. त्याले दिसला नाई काय?"

मी जुनं चित्रीकरण काढून पाहिलं. दिसला होता, चाचा. हात वर असतो तेव्हा तुमच्याभोवती हिरवी चौकट येते, वर शब्द : माणूस. मग तुम्ही खाली बसता. सुई चालत राहते. बरोबर अर्ध्या तासानं चौकट लाल होते.