काळ्या रानातला गोल्फ

मी गोल्फ खेळायला लागलो तो लोकांच्या चांगुलपणाला कंटाळून.

झालं असं, की ऐन चाळिशीत एका दुपारी दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि मी आडवा झालो. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "रोज चालायचं. घर ते दुकान नाही, चांगलं घाम येईस्तोवर." बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती, मागांची खटखट पुन्हा जोरात सुरू झाली होती, आमचं सुताचं दुकानही बरं चाललं होतं. नुसत्या चालण्यानं सुटका होणार म्हटल्यावर मी खूश झालो.

पण सोलापुरात दुकानदारानं बिनकामाचं चालून दाखवावं! मी कोपऱ्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच कुणाची तरी सायकल करकचून थांबायची.

"कुटं निघालाव मालक?"

"कुठं नाही, असाच."

"असाच म्हंजे? बसा की डबलशीट, सोडतो."

नको म्हटलं तर माणूस दुखावायचा. एक मागवाला तर सायकलवरून उतरून माझ्याबरोबर चालायला लागला आणि दबक्या आवाजात विचारू लागला, धंद्यात काही कमीजास्त झालंय का म्हणून. टांगेवाल्यांची निराळीच तऱ्हा. "सेठ, पैदल कायकू जा रै? बैठो ना," म्हणत ते घोडा माझ्या चालीनं चालवायचे. पंधरवड्यात मी जेवढा चाललो त्याहून जास्त लोकांच्या कॅरिअरवर बसलो.

डॉक्टरांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. ते आणि त्यांचे चार-पाच साहेब मित्र होटगीच्या बाजूला एका पडीक रानात गोल्फ खेळत. "तिकडं या," ते म्हणाले. "तिथं तुम्हाला कुणी डबलशीट नेणार नाही."

आता माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण खरं दुखणं माझ्या छातीत नव्हतं, ते आमच्या घरात शिरलं होतं.

ती अक्कलकोटकडची. माहेरी सगळं कन्नड. लग्नानंतर मराठी पटकन शिकली, पण तिला राग मात्र कन्नडमध्येच यायचा. किरकोळ कुरबूर मराठीत, आणि प्रकरण गंभीर असलं की सरळ कन्नड. मीही काही गरीब गाय नाही. मी मराठीत ओरडायचो, ती कन्नडमध्ये, आणि शेजारच्या खिडक्या हळूच उघडायच्या. आमचा संसार असा दणक्यात चालला होता. दवाखान्यातून आलो त्या दिवसापासून ती कन्नडमध्ये एक शब्द बोलली नाही. भाजी अळणी झाली म्हणून ताट सरकवलं तर म्हणायची, "चुकलंच माजं." एकदा मी दुकानातून येताना मुद्दाम भजी खाऊन आलो आणि तोंडाला तेल असताना सांगितलं, काही खाल्लं नाही. तिनं पाहिलं, मान हलवली आणि तांब्या पुढं केला. पाहुण्याला देतात तसा.

लोक म्हणायचे, नशीबवान आहेस. मला मात्र आतून भीती वाटायची. ज्या माणसाशी भांडायचं सोडून दिलं, तो माणूस आपल्यात फार दिवसांचा नाही असंच घरानं धरलेलं असतं. मला माझ्या बायकोच्या शिव्या परत हव्या होत्या, त्याही अस्सल कन्नड.

गोल्फला मी एकटा जाणार, हे तिला मुळीच कबूल नव्हतं. रोज सकाळी बस धरून ती बरोबर यायची. खांद्याला थर्मास, पिशवीत गोळ्यांची बाटली, पदर कमरेला खोचलेला. मला तर ती पिशवीलाही हात लावू देत नसे.

साहेबलोकांच्या गोल्फला हिरवळ लागते म्हणतात. आमच्याकडं हिरवी होती ती फक्त बाभळ. चेंडू जिथं शेवटी घालायचा, तिथं वाळूत जुनं तेल कालवून गोल थापला होता आणि मधोमध वनस्पती तुपाचा रिकामा डबा पुरला होता. शेजारी काठीला लाल फडकं. असे डबे रानात ठिकठिकाणी होते. मेंढरं घेऊन येणारा एक धनगर ती फडकी बघून रोज विचारायचा, "हितनं रोड व्हनार हाय का?" डॉक्टर सांगायचे, नाही हो, हा खेळ आहे. तो "व्हय व्हय" म्हणायचा आणि चेहऱ्यावर एक अक्षर न पटल्याचं दाखवत पुढं जायचा.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या हातात लोखंडी टोकाची काठी दिली, पाय कसे, कंबर कशी, डोकं कसं ते समजावलं. सूत विकणाऱ्या माणसाच्या कमरेला त्या वयात असल्या सूचना समजत नाहीत. मी जोर लावून काठी फिरवली. सुंदर आवाज आला, वारा आला, माझी टोपी पडली. चेंडू जागेवर होता.

"छान झालं," बायको म्हणाली.

मी पुन्हा मारलं. ढेकूळ उडालं, चेंडू तिथंच. "छान झालं." तिसऱ्यांदा चेंडू उडाला आणि मागच्या बाजूला कसा गेला ते डॉक्टरांनाही कळलं नाही. "लई छान झालं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, हस तरी! काही तरी बोल! पण ती थर्मासचं झाकण उघडून माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी. चेंडूकडं तिचं लक्षच नसायचं. माझा श्वास कसा चाललाय, ओठ काळे पडलेत का, एवढंच ती बघायची.

थंडीभर असं चाललं. मी हळूहळू सुधारलो. चेंडू पुढं जायला लागला, कधी कधी हवेतूनही. घाम यायचा, सपाटून भूक लागायची. डॉक्टर छाती तपासून म्हणाले, आता काळजी नाही. मी ते घरी येऊन तिला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थर्मास भरला.

मग उन्हाळा लागला आणि आमच्या काळ्या रानाला भेगा पडल्या. हातभर खोल. चेंडू त्यात गेला की काठीनं उकरून काढायचा, बाहेर ठेवायचा आणि एक फटका स्वतःच्या नावावर जास्त मांडायचा, असा डॉक्टरांचा नियम होता.

त्या सकाळी काय झालं कोण जाणे, माझा हात भलताच बसला होता. शेवटच्या डब्यापाशी आलो तेव्हा मी डॉक्टरांपेक्षा एक फटका कमी मारून पुढं होतो. आयुष्यात पहिल्यांदा! डॉक्टर लांब बाभळीत आपला चेंडू शोधत वाकलेले. आणि माझा चेंडू गडगडत गेला तो अगदी डब्याजवळच्या एका भेगेत, वरच्यावर अडकला. मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि बुटाच्या टोकानं त्याला अल्लद बाहेर घेतलं. मग मोठ्यानं म्हणालो, "वाचला बाबा! कडेलाच थांबला."

"सुळ्ळ हेळब्याड्री!"

मी दचकलो. खोटं बोलू नका, म्हणत होती. थर्मास जमिनीवर आदळला होता आणि तिचे दोन्ही हात कमरेवर होते.

"नाचिकी इल्लेन्री निमग?"

लाज नाही का तुम्हाला! पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. माझ्या खानदानापासून बुटापर्यंत तिनं काही शिल्लक ठेवलं नाही. मेंढरं चरायची थांबली. डॉक्टर बाभळीतून काट्यांनी ओरबाडून घेत धावत आले, "काय झालं? दुखतंय का?" त्यांना कन्नड येत नव्हतं आणि मला हसू आवरत नव्हतं. मी मराठीत ओरडून दिलं उत्तर, "तुला काय कळतं गं गोल्फमधलं?" म्हणून. त्यावर तिला नवा जोर चढला.

बसच्या थांब्यापर्यंत ती माझ्यापुढं चालत, मागं न बघता बोलत होती. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं निघालं. भज्यांचं निघालं, अळणी भाजीचं निघालं. मग एकाएकी ती थांबली, वळली आणि मराठीत आली.

"त्या दिवशी दुकानात मी तुमाला किती हाका मारल्या," ती म्हणाली. "तुमी ओ दिली न्हाय. एकदाबी न्हाय."

मला त्या दिवसातलं काही आठवत नव्हतं. निरोप मिळाल्यावर ती अनवाणी धावत आली, एवढं लोकांनी सांगितलं होतं. हाकांचं कुणी बोललं नव्हतं. ती आता रडत होती, आणि रागानंच रडत होती.

"आता देतो की," मी म्हणालो.

तिनं पदरानं तोंड पुसलं. माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून, भर रस्त्यात, सगळा आवाज लावून तिनं हाक मारली, "अहो!"

मी तेवढ्याच मोठ्यानं ओ दिली.