माझा माल कापणाऱ्या मॅडम

भिंतीला भेग दिसली की मॅडमचा हात आपोआप आत जायचा. आधी बोटं, मग मूठ. मूठ आत घट्ट आवळून त्या हात ओढून बघायच्या. माझ्या भांडुपच्या गाळ्यात पहिल्यांदा आल्या, तेव्हा नमस्काराच्याही आधी हेच केलं. तुमच्या ओळखीत असं एखादं माणूस असेल, तर माझं दुखणं तुम्हाला कळेल.

मॅडम लोकांना कडे-कातळ चढायला शिकवायच्या. फटीत बसवायचं एक साधन त्यांना करून हवं होतं. खटका ओढला की चार पाकळ्या मिटतात. फटीत घालून सोडला की पसरून दगड धरतात. त्यात दोर अडकवायचा. चढणाऱ्याचा हात निसटला, तर तो त्याच्यावरच लटकतो.

"बोटाएवढी फट असो की मुठीएवढी, एकाच पीसनं भागलं पाहिजे, शेठ."

मी हातगाडीवर नट-बोल्ट विकून गाळा उभा केलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय मला जेवण पचत नाही. मुद्दाम दुप्पट भाव सांगितला. मॅडम म्हणाल्या, "बरं." इतका अपमान माझा कुणी केला नव्हता.

कितीतरी महिने नमुने मोडण्यात गेले. पाकळीचा बाक जरा चुकला की, "शेठ, घसरेल हं." शेवटी लॉट तयार झाला. झकास माल! फक्त एका पीसची पाकळी उघडताना किंचित अडखळली.

"तेल टाका, सुटेल," मी म्हटलं.

"आणि कड्यावर तेल घेऊन तुम्ही येणार? एक अडखळला, तर बाकीच्यांचा काय भरवसा?"

मॅडमनी माझीच हॅक्सॉ घेतली आणि अख्खा लॉट कापायला बसल्या. मी एक पीस हळूच ड्रॉवरमध्ये सरकवला.

"शेठ, एक कमी आहे."

"तो चांगलाय! मी स्वतः लटकून दाखवतो!"

बोरिवलीच्या जंगलातल्या कातळावर त्यांनी मला खरंच लटकवलं. खबरदारी म्हणून वरून दुसरा दोर होता, पण ढिला. कमरेच्या पट्ट्यात माझं पोट मावेना. डोळे मिटून, शिव्या देत लटकलो. पीस हलला नाही.

"बघा! धरलं ना?"

"आज धरलं," मॅडम म्हणाल्या. गाळ्यात परतून तोही कापला.

सांगा तुम्हीच, हा काय न्याय झाला? माझा जीव टांगला होता त्याच्यावर!

तुकडेसुद्धा भंगारात टाकू देईनात. "कुणी उचलून जोडले तर?" सगळे पिशवीत भरले. दुखऱ्या गुडघ्यानं त्यांना पिशवी उचलेना. मीच उचलली आणि नाक्यापर्यंत भांडत गेलो.

तो शेवटचा लॉट ठरला. पुढे गुडघ्यानं साथ सोडली आणि मॅडम लेकीकडे नाशिकला गेल्या. ते साधन राहिलं ते राहिलंच.

मला मात्र त्या दिवशी नाक्यावरून त्यांनी धरलेली रिक्षा आठवते. ती वळेपर्यंत मी ओरडत होतो. मॅडमचं लक्ष नव्हतं. पिशवी मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी तिचं तोंड आवळून बसल्या होत्या, एकही तुकडा रस्त्यावर सांडू नये म्हणून.