हळदीच्या गाण्याची कॅसेट

महिन्यातून एका रविवारी आम्ही सात-आठ जण पुण्यात एका मित्राच्या घरी जमतो आणि जुने कॉम्प्युटर जोडून बसतो. सगळे पन्नाशी ओलांडलेले. कुणी टीव्हीच्या मागे वायरी खुपसत असतं, कुणी चिकट झालेली बटणं पुसत असतं, आणि बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं: शाळेत असताना आपण काय काय उद्योग केले. माझी पाळी आली की मी लोणावळ्याची गोष्ट सांगायचो. घाटात रेल्वेगाडी चढवायचा गेम मी कसा लिहिला, त्याच्या संगीताची चाल टेप दुरुस्त करणाऱ्या चाचांनी मला कशी दिली, आणि प्रदर्शनात त्याला बक्षीस कसं मिळालं. लोकांना ती गोष्ट आवडते. त्यात खोटं काही नाही. फक्त मधली एक दुपार मी वगळत आलो.

मी नववीत असताना बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने मला एक कॉम्प्युटर आणला होता. वहीएवढा, रबरी बटणांचा. पडदा म्हणून आमचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, आणि लिहिलेलं साठवायला साधा टेपरेकॉर्डर. त्या कॉम्प्युटरला वीज गेली की काहीच आठवत नसे. त्यामुळे लिहिलेला प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात कॅसेटवर भरायचा आणि पुढच्या वेळी ती कॅसेट लावून परत कॉम्प्युटरला ऐकवायची. आपल्याला ऐकू यायची ती नुसती कर्कश किरकिर. आई म्हणायची, घरात कुणीतरी पत्रा कापतंय.

टेपरेकॉर्डर थोडा जरी बिघडला तरी कॉम्प्युटरला ती किरकिर कळत नसे. म्हणून मी बाजारातल्या चाचांच्या दुकानात जाऊ लागलो. चाचा मूळचे कामशेतजवळच्या, धरणाकाठच्या वडिवळ्याचे. लोणावळ्यात येऊन रेडिओ, टेप, बंगल्यांमधले स्पीकर दुरुस्त करायचे. माझी अडचण त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने टेपमधल्या फीत वाचणाऱ्या हेडचा स्क्रू फिरवत, डोळे मिटून ती किरकिर ऐकत ते म्हणाले, "ह्यो आवाज जितका कानाला टोचंल तितका बरा. बोथट झाला की समजायचं, हेड तिरकं हाय."

त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली होती. सहा वर्षांची मुलगी दिवसभर दुकानातच असायची. चाचा तिला छोटी म्हणत, म्हणून मीही. फुटलेल्या स्पीकरमधली चुंबकं हे तिचं खेळणं. ती चुंबक दोऱ्याला बांधून फरशीवरून ओढत न्यायची आणि पडलेले स्क्रू, टाचण्या गोळा करून वडिलांना आणून द्यायची.

दहावीच्या वर्षी मी तो गेम लिहायला घेतला. कर्जतकडून गाडी वर येते, मागून इंजिन लावायचं, चढावर ब्रेक आणि वेग सांभाळायचा. वडील रेल्वेत असल्यामुळे हे सगळं मला माहीत होतं. पण सुरुवातीला संगीत हवं होतं. त्या कॉम्प्युटरला एका वेळी एकच स्वर काढता यायचा, तोही डास गुणगुणावा तसा. कुठला स्वर आणि किती वेळ, असे दोन-दोन आकडे टाइप करत जायचं. मी केलेल्या चाली शाळेच्या बँडसारख्या व्हायच्या.

चाचांना हे सांगितलं. त्यांनी थोडा वेळ हातातलं काम केलं आणि मग गल्ल्यामागच्या फळीवरून एक कॅसेट काढली.

"चाल पायजे ना? मंग ही ऐक. माझ्या बहिनीच्या हळदीला छोटीच्या अम्मीनं म्हनलेली हाय. मीच भरलीय. जपून वापर."

कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी त्यांनी मोडून ठेवली होती. ती मोडली की टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं जात नाही, आणि आतलं चुकूनही पुसलं जात नाही.

तीन आठवडे ती कॅसेट माझ्याकडे होती. एक ओळ ऐकायची, थांबवायची, आकडे टाकायचे, परत मागे घ्यायची. ते गाणं मी दीडशे-दोनशे वेळा तरी ऐकलं असेल. चाल जमली. किरकिऱ्या आवाजातसुद्धा ती ओळखू यायची.

आता ती दुपार. दुसऱ्या दिवशी वडगावच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. गेम पूर्ण झाला होता, पण दोन दिवसांचं काम अजून कॅसेटवर भरलेलं नव्हतं. माझ्या तीन कॅसेटपैकी एकीची फीत गुंडाळली गेली होती आणि बाकी दोन्हींत आधीचं काम होतं. बाहेर वारा सुटला होता आणि दिवे दोनदा लुकलुकले. लोणावळ्यात एवढं झालं की पुढे वीज जाणार हे ठरलेलं. टेपरेकॉर्डरमध्ये चाचांची कॅसेट होती.

आई स्वयंपाकघरात होती. तिला बाजारात पाठवता आलं असतं. शेजारच्यांकडे एखादी जुनी कॅसेट मागता आली असती. माझ्याच जुन्या कामावर भरता आलं असतं, पण त्यात माझे आधीचे गेम होते. कॅसेट उलटी करून दुसरी, कोरी बाजू लावायलाही अर्धं मिनिट लागलं नसतं, पण त्या बाजूची फितीची कड दुमडलेली होती आणि मला खात्रीची बाजू हवी होती. हे सगळं मला तेव्हा सुचलं होतं. नंतर नाही, तेव्हाच. मोडलेल्या पट्टीच्या खाचेवर मी सेलोटेप चिकटवला, बटण दाबलं, आणि धोका नको म्हणून गेम लागोपाठ तीनदा भरला. चाचांचं दुकान टेपरेकॉर्डरनी भरलेलं आहे, त्यांनी गाण्याची दुसरी कॉपी केलेली असणारच, असं मनाशी म्हणत होतो. विचारलं मात्र नव्हतं.

वीज त्या दिवशी गेलीच नाही.

प्रदर्शनाला चाचा इस्त्रीचा शर्ट घालून छोटीला घेऊन आले. टीव्हीतून चाल वाजायला लागली तेव्हा त्यांनी तिला उचलून कडेवर घेतलं. एवढी मोठी मुलगी, पण घेतलं. "ऐक, अम्मीचं गानं." मग शेजारी उभ्या असलेल्या मास्तरांना म्हणाले, "लय डोकं हाय बरं का पोराला." टेबलावरच्या टेपरेकॉर्डरमध्ये तीच कॅसेट होती आणि त्यात आता माझा गेम होता. मी टीव्हीकडे बघत राहिलो.

बक्षीस मिळालं. त्यानंतर मी जे केलं ते त्या दुपारपेक्षाही वाईट. नवी कॅसेट आणून गेम तिच्यावर घेतला. चाचांची कॅसेट तशीच परत केली असती तर त्यांनी किरकिर एका क्षणात ओळखली असती. म्हणून मी परत रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि अख्खी बाजू कोरी होईपर्यंत काहीही न भरता ती नुसती फिरू दिली. मग सेलोटेप नखाने काढला, चिकटपणा राहू नये म्हणून खाच रॉकेलच्या बोळ्याने पुसली, आणि कॅसेट दुकानात नेऊन दिली. त्यांनी ती न लावताच फळीवर ठेवली.

दहा-बारा दिवसांनी गेलो तर चाचा काम न करता बसलेले. "गानं गेलं रं," ते म्हणाले. "समदी बाजू कोरी. पट्टी मोडलेली हाय, म्हंजी कुनी भरलेलं न्हाई. हितं मोठ्या स्पीकरचं चुंबक पडलेलं असतंय. मीच ठेवली असंल त्याच्याजवळ. धंदा ह्योच माझा, आन मलाच कळू नये?"

मी विचारलं, "दुसरी कॉपी नव्हती?"

"उद्या करू, उद्या करू म्हनत ऱ्हायलो."

छोटी कोपऱ्यात बसली होती. मी "अरेरे" म्हणालो. तोंडातून तेवढंच आलं. चाचांनी मला चहा पाजला. त्यानंतर मी त्या दुकानात जाणं कमी केलं, मग बंदच केलं, आणि इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. दुकानाच्या जागी पुढे मोबाइलचं दुकान झालं. चाचा वारल्याचं मला दोन वर्षांनी कळलं.

मागच्या वर्षी रविवारच्या बैठकीत मी नेहमीची गोष्ट सांगितल्यावर एका मित्राच्या बायकोने सहज विचारलं, "मग त्या बाईंची कॅसेट कुठे आहे आता?" मी म्हणालो, "काय माहीत." आणि मला स्वतःचाच आवाज ऐकू आला. दुकानात "दुसरी कॉपी नव्हती?" विचारलं होतं तोच. पन्नाशी उलटली तरी तोच.

छोटीचा पत्ता मिळायला वेळ लागला नाही. तिचं वडगाव मावळला तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मी गेलो तेव्हा ती एका माणसाचा वारसनोंदीचा अर्ज टाइप करत होती. तो जाईपर्यंत मी बाकावर बसलो. मग उठून नाव सांगितल्यावर ती हसली. "घाटाचा गेम! अब्बा शेवटपर्यंत सांगायचे तुमच्याबद्दल. बसा ना दादा."

मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सेलोटेप, तीनदा भरलेला गेम, नंतर फिरवलेली कोरी फीत. सांगताना मी प्रिंटरकडे बघत होतो.

तिने समोरचा कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाली, "चुंबक नव्हतं?"

"नाही."

"दादा, त्या फळीवर मी चढले होते. हातात चुंबक होतं. सगळ्या कॅसेटवरून फिरवलं होतं, टाचण्या चिकटतात का बघायला. अब्बांनी रागावायला हवं होतं, पण ते सगळ्यांना सांगायचे, माझ्याच हातनं गेलं. मला वाटायचं, त्यांना माहीत आहे आणि ते मला वाचवतायत. लग्न होऊन निघताना मी सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडून कबूल केलं. ते म्हणाले, असू दे, लहान होतीस. म्हणजे त्यांनीही तेच धरलं मग. मरेपर्यंत."

मी एकट्या चाचांपासून काहीतरी लपवलंय, एवढंच धरून चाललो होतो. कोपऱ्यात बसलेली ती लहान मुलगी माझ्या हिशेबात कधी आलीच नव्हती. मी माफी मागितली. ते शब्द इतके तोकडे वाटले की दुसऱ्यांदा म्हणायचं धाडस झालं नाही. तो गेम माझ्याकडे अजून चालतो, चाल काढून देतो, असं म्हणालो.

"ती तुमच्या मशीनची चाल आहे," ती म्हणाली. "मला काय करायचीय?"

एक बाई रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आली. तिने ती काढून दिली, सुटे परत केले, आणि बाई गेल्यावर माझ्याकडे वळली.

"तुम्ही ते गाणं कितीदा ऐकलं होतं?"

"दीडशे-दोनशे वेळा."

"मला अम्मीचा आवाज आठवत नाही. काय म्हणायची ती? सांगा."

मी आठवायला लागलो आणि लक्षात आलं की मी फक्त स्वर ऐकले होते. शब्द माझ्या कामाचे नव्हते. मांडव होता, नदीपलीकडून आलेली पाहुणी होती, एका ओळीत नवरीच्या हातावरची हळद होती. ओळ सलग एकही नाही. तेवढं सांगितलं. मग हळूहळू कडेकडेचं आठवलं. दुसऱ्या कडव्याच्या आधी ती हसायची, कारण मागून कुणीतरी म्हणायचं, "भाबी, मोठ्यानं." वरच्या स्वराला आवाज जरा फाटायचा आणि ती तिथून खाली न येता तो तसाच ओढून न्यायची. शेवटी गाणं संपल्यावर विचारायची, "झालं का बंद?" आणि रेकॉर्डिंग तिथंच तुटायचं.

छोटीने समोरचा एक कोरा कागद घेतला आणि हे लिहून घेतलं. "झालं का बंद" लिहिल्यावर पेन खाली ठेवलं.

"अजून?"

"एवढंच."

"आत्याला तुम्ही जाऊन सांगा," ती म्हणाली. "तिच्याच हळदीचं गाणं होतं ते. ती अजून मला म्हणते, आईचं गाणं तू खाल्लंस. आज जा आता तुम्ही."

पुढच्याच आठवड्यात कामशेतला उतरून वडिवळ्याला गेलो. आत्या तिथंच राहतात, माहेरच्या गावात. अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होत्या. मी ओळख सांगितली आणि सगळं परत एकदा बोललो. या वेळी त्यांच्याकडे बघून बोललो. त्यांचं सूप मधेच थांबलं होतं.

"पोरीला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी तिला लय बोलले रं. तिच्या लेकरांसमोर सुदिक बोलले." त्यांनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "आता मला जायला पायजे वडगावला."

मला त्यांनी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. सूप बाजूला ठेवून त्या आत गेल्या आणि सुनेला एसटीची वेळ विचारू लागल्या. मी थोडा वेळ अंगणात उभा राहिलो, मग धरणाच्या रस्त्याने परत निघालो.