पालथं पातेलं

ज्या दिवशी आमच्या इमारतीत पाणी बंद असतं, त्या दिवशी मला जरा हुशारी येते. हे उघड बोलायची सोय नाही. सोलापुरात राहून पाणी नसण्याचं कौतुक करणाऱ्या बाईला लोक वेड्यात काढतील, आणि काढावंच. उभा जन्म आम्ही चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाच्या तालावर काढला. पाहुण्यांना ‘या’ म्हणायचं ते पाण्याचा दिवस बघून, डोक्यावरून अंघोळ त्याच दिवशी, चादरी धुवायच्या त्याच दिवशी. आता नळ कधीही सोडला तरी पाणी येतं, आणि मी मात्र या खोलीतून त्या खोलीत फिरत असते. एका जागी बूड टेकत नाही.

इमारत जिथे उभी आहे तिथे आमची गल्ली होती. बाजाराला लागून, शहराच्या अगदी पोटात. गल्लीतल्या सगळ्यांनी घरं बिल्डरला दिली. बहुतेकजण पैसे घेऊन जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत गेले. आम्ही बापलेकींनी त्याच जागेवर पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी लग्न केलं नाही, त्याची काळजी गल्लीने माझ्यापेक्षा जास्त केली; आता गल्लीच उठल्यामुळे तेवढी एक कटकट मिटली. खाली काचेच्या दारांची कॉफीची दुकानं आहेत, जिम आहे. समोरचा रस्ता रुंद झाला, फुटपाथला रंगीत फरशा बसल्या, बसायला बाकं आली. मला हे सगळं आवडतं, खोटं कशाला बोलू? पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षिकेला उघड्या गटारावरून उडी मारत शाळेत जायची हौस नसते. पण आवडणं वेगळं आणि चैन पडणं वेगळं.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. जुनं घर गल्लीच्या उताराला, त्यामुळे पाणी सगळ्यांत आधी आमच्याकडे यायचं. कधी यायचं याचा मात्र नेम नसायचा. म्हणून पाण्याच्या आदल्या रात्री बाबा मोरीतला नळ उघडाच सोडत आणि त्याखाली जर्मनचं एक मोठं पातेलं पालथं घालून ठेवत. पहिली धार पातेल्याच्या बुडावर पडली की घरात ताशा वाजायचा. बाबा उठायचे, बनियनवरच बाहेर पडायचे आणि एकेका दाराची कडी वाजवत वर चढावापर्यंत जायचे. “पाणी आलं की ओ. उटा.” लोक त्यांना शिव्या घालत उठायचे आणि घागरी घेऊन पळायचे. बाबा गावाला गेले असले की गल्ली चिडायची. एकदा ते अक्कलकोटला लग्नाला राहिले, तर परत आल्यावर शेजारच्या मावशींनी त्यांना दारातच फैलावर घेतलं होतं.

नव्या घरात उठवायला कुणी नव्हतं. समोरच्या फ्लॅटचं दार कायम बंद. तिथे टॉवेलच्या दुकानवाल्यांचं घर, आपापसात तेलुगू बोलणारं. लिफ्टमध्ये भेट झाली तर बाई हसायच्या आणि मोबाइलकडे बघायच्या. बाबा हॉलमध्ये बुद्धांच्या तसबिरीखाली खुर्ची टाकून बसायचे आणि खालच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. कुठल्या गाडीचा क्लच गेलाय ते सांगायचे. एवढंच काय ते त्यांचं काम उरलं होतं.

मग तो टाकी धुण्याचा दिवस आला. दुपारभर पाणी बंद राहणार, अशी सूचना लिफ्टमध्ये लावलेली होती. मी शाळेत होते. बाबांनी स्वयंपाकघरातला नळ सोडून बघितला, कोरडा होता. त्यांनी केलं ते इतक्या वर्षांच्या सवयीने केलं. नळ उघडा ठेवला, माळ्यावरून जर्मनचं पातेलं काढलं आणि सिंकमध्ये पालथं घातलं. मग पाणी कधी येणार हे विचारायला ते खाली वॉचमनकडे गेले. गप्पा लागल्या. दोघं फुटपाथवरच्या बाकावर बसले. वॉचमन पूर्वी एसटीने जेऊरला जायचा, त्यामुळे बोलायला विषय भरपूर होते.

वर पाणी आलं. पातेलं वाजलं असणार, पण ऐकायला घरात कुणी नव्हतं. मोरीत पाणी वाहून तरी जातं. इथे पातेलं नेमकं सिंकच्या जाळीवर बसलं होतं. ओटा भरला, स्वयंपाकघर भरलं, पाणी दाराखालून बाहेर आलं आणि जिन्यावरून, लिफ्टमधून खाली उतरलं. मी शाळेतून आले तेव्हा लिफ्ट बंद होती आणि बाबा जिन्यात गुडघ्यावर बसून फडक्याने पायऱ्या पुसत होते.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. सभ्य माणूस. आवाज न चढवता म्हणाले, “मॅडम, या वयात विसर पडतो. वडलांना एकदा दाखवून घ्या. आणि घरी एकटं नका ठेवू. त्यांच्यासाठीच सांगतोय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विसर? एसटीतून उतरून किती वर्षं झाली तरी त्यांना घाटातलं एकेक वळण आठवतं. त्या दिवशी ते काही विसरले नव्हते, उलट त्यांना सगळं नको तितकं आठवलं होतं. हे सेक्रेटरींना समजावून सांगणार कसं? ते पुण्याहून बदलून आलेले, त्यांना पालथ्या पातेल्याचं काय? मी फक्त “बघते” म्हणाले. बाबा आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बेसिनपाशी उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, नळ सोडू का?”

मला वाटलं, रागावलेत, टोमणा मारतायत. पण तसं नव्हतं. दात घासायच्या आधी विचारलं, चहाचा कप विसळायच्या आधी विचारलं. “बाबा, असं विचारत जाऊ नका,” मी म्हणाले. “बरं,” म्हणाले, आणि जेवायच्या आधी पुन्हा विचारलं. मी शाळेत गेले की हात न धुता बसून राहत असतील, या विचाराने माझं वर्गात लक्ष लागेना. मधल्या सुट्टीत फोन करायची. ते सांगायचे, “सगळं बंद हाय. बघून आलोय.” मी काही विचारलेलं नसायचं तरी हेच सांगायचे.

मी चिडचिडी झाले. मुलांवर ओरडायची, रिक्षावाल्याशी भांडायची. घरी आले की नळ नीट बंद आहेत ना, हे माझेही डोळे आधी बघायचे, आणि माझे डोळे तिकडे गेलेले बाबांना दिसायचे. वर्षानुवर्षं माणसांनी भरलेली गाडी रात्रीची हाकणारा माणूस, आणि त्याला नळाची भीती वाटावी? मला याचं फार वाईट वाटायचं. रडू यायचं, आणि रडू आलं की मी भांडी आपटायची.

पुन्हा टाकी धुवायची सूचना लागली तेव्हा रविवार होता. मी सकाळीच ठरवलं. पातेलं काढलं, बाथरूममध्ये जाळीपासून लांब पालथं घातलं, वरचा कोरडा नळ पूर्ण उघडला आणि पायात चप्पल सरकवली.

“मी खाली जाऊन येते. पाणी आलं तर बघा.”

“मी?” बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

“मग कोण? मी काय घरात असणाराय?”

“त्यो सेक्रेटरी काय म्हणंल?”

“त्याला बघायला मी हाय की.”

दार ओढून घेतलं आणि लगेच वाटलं, आपण हा काय शहाणपणा करतोय. पुन्हा पूर आला तर? मग सेक्रेटरींचंच खरं, आणि बाबांच्याही मनात तेच कायमचं बसणार. पण आता मागे फिरले तर ते त्याहून वाईट. मी खाली उतरले. कॉफीच्या दुकानात गेले, टेबलाशी बसले, पोरगी विचारायला आली तशी उठले. फुटपाथवरच्या बाकावर बसले. समोर जिमच्या काचेत माणसं पट्ट्यावर धावत होती आणि कुठेच पोहोचत नव्हती. मला त्यांचाही राग आला. फुटपाथ संपेपर्यंत गेले, परत आले. मान वर करून पाचवा मजला बघितला. खिडकीत काही दिसत नव्हतं. वॉचमन म्हणाला, “बसा की मॅडम, कुणाची वाट बघताय?” त्याला काय सांगणार?

मग मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी मुठी आवळून उभी राहिले. धावत वर जायचं नाही, असं स्वतःला बजावलं, चकरा मारत अर्धा तास काढला, आणि मग धीर सुटला. लिफ्टची वाटही बघितली नाही. जिना चढताना प्रत्येक पायरीकडे बघत होते. कोरडी. पुढची कोरडी. तिसऱ्या मजल्यावर ओल दिसली आणि मी वाकून बघितलं. कुणीतरी कुंडीला पाणी घातलं होतं.

आमच्या मजल्यावर समोरच्यांचं दार सताड उघडं होतं. टॉवेलवाल्या बाई उंबऱ्यात उभ्या होत्या, पदर खोचलेला, हातात रिकामी कळशी.

“तुमच्या बाबांनी कडी वाजवली,” त्या म्हणाल्या. “पाणी आलं की ओ, म्हणाले. मी म्हणाले, आमच्याकडं पण येतंय की नळाला. तर तोंडाकडं बघत उभारले. मग म्हणलं, जाऊ दे, घ्यावं भरून.” त्या हसल्या. “माहेरी आमच्या गल्लीत पण असंच एक मामा होते. लई दिवसांनी कुणीतरी कडी वाजवली बघा. खालच्या मजल्यावर पण सांगून आलेत ते.”

मी घरात शिरले. फरशी कोरडी होती. बाथरूमचा नळ बंद होता. पातेलं सुलटं करून काठोकाठ भरलेलं होतं, आणि बादल्या, हंडा, कुकर, पिठाचा रिकामा डबा, चहाची भांडी, सगळं भरलेलं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा बनियनवर होते, घामाघूम झालेले, जिने चढल्यामुळे धाप लागलेली.

“सेक्रेटरीचं दार पण वाजवलं,” ते म्हणाले. “झोपला व्हता.”

“काय म्हणाला?”

“काय म्हणतोय? बरं म्हणाला.”

मी भांड्यांमधून वाट काढत उगाच इकडेतिकडे करत राहिले.

“बस की आता,” बाबा म्हणाले. “किती फिरतीस?”

मी बसले. ते बेसिनपाशी गेले, नळ सोडला, कोपरापर्यंत हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि नळ बंद केला. मला विचारलं नाही.